मॉरिशसचे तीन डोडो

मॉरिशसला जाऊन आलेली माणसं समुद्राबद्दल बोलतात. मी तिथे दोनेक महिने राहिले आणि समुद्रात पाय बुडवले ते एकदाच, तेसुद्धा माझी चप्पल लाटेबरोबर निघाली होती म्हणून. ज्यांना निळं पाणी आणि पांढरी वाळू वाचायची आहे, त्यांची माझ्याकडून निराशा होईल. मी पाहिलेल्या मॉरिशसमध्ये ऊस आहे, धुकं आहे आणि एकमेकांशी न बोलणारे संगणक आहेत.

ऐंशीचं दशक निम्म्याहून अधिक सरलं होतं. पुण्यातल्या आमच्या संस्थेत मी वेगवेगळ्या कंपन्यांचे संगणक एकमेकांना जोडायचं काम करत असे. मॉरिशसमधल्या ऊसवाल्यांच्या एका मंडळाने आमच्याकडे माणूस मागितला आणि साहेबांनी माझं नाव कळवलं. "बेटावर निघालीस, मजा आहे बाई तुझी," असं ऑफिसातल्या प्रत्येकाने सांगितलं. मी सुती साड्या भरल्या आणि नवऱ्याच्या आग्रहाखातर उन्हाची टोपी घेतली.

क्युरपिप

टोपी बॅगेतून बाहेर निघालीच नाही. विमानतळ किनाऱ्यापाशी आहे, तिथे हवा छान उबदार होती. मला न्यायला कमला राघोजी आली होती. तिने माझ्या साडीकडे एकदा पाहिलं. गाडी उसातून वर वर चढत गेली. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच ऊस, मधेच काळ्या दगडांचे ढीग, लांबवर एखादा वेडावाकडा सुळका. क्युरपिप आलं तेव्हा काचेवर बारीक पाऊस होता आणि माझे दात वाजत होते. जूनमध्ये तिकडे हिवाळा असतो हे मी शाळेत शिकले होते, पण भूगोल परीक्षेपुरता. कमलाने मागच्या सीटवरून लोकरीचा स्वेटर काढून माझ्या हातात दिला. तो तिने घरूनच आणला होता.

"भारतातून येणारे सगळे असेच येतात," ती इंग्रजीत म्हणाली.

कमला तिशीतली, मंडळाच्या क्युरपिपच्या ऑफिसात संगणक सांभाळणारी. राघोजी हे आडनाव ऐकून मी लगेच मराठीत सुरू झाले होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाली, "मला समजते. बोलाय गेली का मधीच क्रेओल येते." क्रेओल म्हणजे तिथली, फ्रेंचमधून घडलेली बोलभाषा. म्हणून आमचं असं ठरलं, की मी मराठीत बोलायचं आणि तिने जे तोंडात येईल त्यात. दोन दिवसांत ते अंगवळणी पडलं. बाजारात तिने मला पहिल्याच संध्याकाळी डाळपुरी खायला घातली. दिसायला थेट पुरणपोळी. मी डोळे मिटून मोठा घास घेतला आणि आतल्या वाटलेल्या मिरचीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. थंडी मात्र पळाली. पुढे रोज संध्याकाळी मी ती मागून खाऊ लागले.

आता कामाबद्दल सांगते. मंडळाची कामं तीन ठिकाणी चालत. रोझ बेलजवळच्या कारखान्यात ऊस गाळला जाई. रसाचे नमुने मोका नावाच्या गावातल्या प्रयोगशाळेत जात आणि तिथे त्यांची गोडी मोजली जाई. ती पाहून कुणाचा ऊस कधी तोडायचा हे क्युरपिपचं ऑफिस ठरवी. तिन्ही ठिकाणी संगणक होते, प्रत्येकाचं आपापलं छोटं नेटवर्क होतं आणि तिन्ही वेगळ्या कंपन्यांची होती. मोक्याचा आकडा टेपवर चढवून व्हॅनने क्युरपिपला यायचा. तो येईपर्यंत कित्येकदा ऊस पक्व होऊन उतरणीला लागलेला असे.

मंडळापुढे दोन रस्ते होते. एक म्हणजे माझ्यासारख्या कुणाला बोलावून आहे ते जोडून घ्यायचं. दुसरा रस्ता एका परदेशी कंपनीने सुचवला होता: सगळं मोडीत काढा आणि तिन्हीकडे आमचीच यंत्रं घ्या. निर्णय गळीत हंगामाच्या आधी व्हायचा होता. तसं झालं असतं तर कमलाने आणि तिच्या सहकाऱ्यांनी काही वर्षं खपून लिहिलेले सगळे प्रोग्रॅम केरात गेले असते. ती हे कधी बोलून दाखवत नसे. ऑफिसात कुणी त्या कंपनीचं नाव काढलं की फक्त पेन्सिलीला टोक करायला लागे.

मोका

मोका क्युरपिपपेक्षा उबदार. डोंगराच्या कुशीत, झाडीत बसलेलं गाव, जवळच विद्यापीठ. प्रयोगशाळेतली संगणकाची खोली सिल्व्हँ नावाच्या गृहस्थांच्या ताब्यात होती. उंच, आफ्रिकी वंशाच्या क्रेओल समाजातले, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं तोलून मापून. त्यांनी मला चहा दिला, आपली यंत्रं दाखवली आणि मोठ्या यंत्रावर हात ठेवून ओळख करून दिली, "हा आमचा डोडो."

मी कमलाकडे बघितलं. कारण आदल्याच दिवशी क्युरपिपला तिने तिच्या मुख्य यंत्रावर असाच हात ठेवून हेच नाव सांगितलं होतं.

"रोझ बेलच्या यंत्राचं नाव काय आहे?" मी विचारलं.

टेबलावरच्या फोनवर रोझ बेलचा संगणक सांभाळणारा फारूक होता. कारखाना सोडून त्याला येता येत नव्हतं, म्हणून सगळ्या बैठकांना तो फोनवरच असे. तो म्हणाला, "डोडो."

या बेटावर एके काळी डोडो पक्षी होता. तो कधीच नामशेष झाला, पण अख्ख्या जगात तो फक्त इथलाच. यंत्राला नाव ठेवायची वेळ आल्यावर तिघांनाही दुसरं काही सुचलं नव्हतं. एकमेकांशी संबंधच नव्हता तोवर त्याने काही बिघडलं नव्हतं. आता बिघडलं. आम्ही तात्पुरती तार जोडली आणि सिल्व्हँनी क्युरपिपच्या डोडोला शुभेच्छा पाठवल्या. त्या क्षणात पोचल्या, पण त्यांच्याच पडद्यावर. यंत्राने पत्त्यावर डोडो वाचलं, मीच डोडो म्हणालं आणि पत्र स्वतःच ठेवून घेतलं.

मी सोपा उपाय सांगितला: डोडो एक, डोडो दोन, डोडो तीन. सिल्व्हँना तो आवडला, कारण एक नंबर आपलाच असणार हे ते धरून चालले होते. फारूक फोनवरून म्हणाला की ऊस रोझ बेलला गाळतात, मोक्याला बाटलीत बघतात, तेव्हा एक नंबर कुणाचा हे उघड आहे. सिल्व्हँ शांतपणे म्हणाले, "नाव सगळ्यात शोभतं ते रोझ बेलच्याच यंत्राला. ते सदा झोपलेलं असतं." क्रेओलमध्ये डोडो म्हणजे झोप. कमला हसू दाबायला खिडकीकडे वळली.

तिघांनीही नवीन नाव घ्यावं असं मी सुचवलं. ते कुणी ऐकूनही घेतलं नाही. आणि नावापलीकडे आणखी एक भानगड होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे दुसऱ्या नेटवर्कमधल्या यंत्राला पत्र पाठवायचं तर पत्त्यात सगळी वाटच लिहावी लागे: आधी या यंत्राकडे जा, तिथून त्या, तिथून पलीकडच्या. वाटेतलं एक यंत्र बंद पडलं की पत्र परत. म्हणजे रोझ बेलहून मोक्याला लिहिणाऱ्या माणसाला क्युरपिपचं यंत्र आज चालू आहे की नाही हे माहीत हवं. यावर तोडगा काय, हे मला पुण्याहून निघताना ठाऊक होतं असं वाटत होतं. मोक्याच्या त्या खोलीत तसं वाटेना.

रोझ बेल

रविवारी कमलाने मला जेवायला तिच्या आईकडे बोलावलं. ती स्वतः शनिवारीच गेली होती. मी बसने एकटी गेले आणि रोझ बेलच्या पुढच्या थांब्यावर उतरून दुकानदाराला विचारलं, "राघोजींचं घर कुठे?"

त्याने हाताने अख्खा रस्ता दाखवला. "हे सगळे राघोजी. कुठला?"

"कमला राघोजी."

"कमला पण पुष्कळ. नों-गाते काय तिचं?"

नों-गाते म्हणजे लाडाचं नाव, आणि त्या गावात प्रत्येकाला ते असतंच. मला कमलाचं ठाऊक नव्हतं. मी हातवारे करून टाइप करून दाखवलं. त्याचा चेहरा उजळला. "कॉम्प्युटर-कमला," तो म्हणाला आणि दुकान तसंच उघडं टाकून मला दारापर्यंत सोडायला आला. पुण्यात एखाद्या दुकानदाराने इतकं केलं तर आधी मला संशय येईल.

पत्र्याचं छप्पर, समोर शुशु नावाच्या फळभाजीचा वेल, दारात तुळस. कमलाची आई ओटीवर उभी होती. गावात तिला सगळे आये म्हणत, मीही म्हणू लागले.

"ये गे बाय. रस्ता गावला?"

"गावला," मी म्हणाले, आणि माझ्या तोंडून तो शब्द असा निघाला याचं मलाच नवल वाटलं. माझी आजी असंच बोलायची.

"बस. दिते ठेवलाय," आये म्हणाली. दिते म्हणजे चहा, हे मला कपबशी आल्यावर कळलं. मग तिने विचारलं, "तुजा गाव कंचा?"

मी सांगितलं, राहते पुण्याला, पण आम्ही मूळ चिपळूणकडचे. तिने मान हलवली. "आमचा आजा रत्नागिरीकडचा, असा म्हनत. गावाचा नाव कुनाला ठाव नाय. बोटीतनं उतरला तवा त्याला पुसला, नाव काय. तो बोल्ला, राघोजी. तेच लागला आमच्या सगल्यांच्या मागं."

ती हे हसत सांगत होती. दुःख करावं असं त्यात तिला काही वाटत नव्हतं. एका माणसाचं हाक मारायचं नाव त्याच्या पतवंडांचं आडनाव झालं होतं आणि आता त्या नावाचा अख्खा रस्ता होता. आमच्याकडे गावावरून आडनाव पडतं. इथे गाव हरवलं आणि माणूस तेवढा उरला.

जेवायला शुशुची भाजी, मोहरी लावलेला मासा, पातळ पालेभाजी आणि एका वाटीत लालभडक मिरची, जिच्यापासून मी आता शहाणपणाने दूर राहिले. वाढता वाढता आयेने लेकीला दोनदा हाक मारली, "कमले, भात आन." मी सहज म्हणाले, "गावात इतक्या कमला आणि घोटाळा होत नाही?"

कमला भाताचं पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग इंग्रजीत, मराठीत आणि क्रेओलमध्ये एकदमच बोलायला लागली. घरात तिला कमला राघोजी कुणी म्हणत नाही, नुसती कमला पुरते. उंबऱ्याबाहेर पडली की आणखी एक शब्द लागतो. मग डोडोंनी आपापल्या घरात नुसतंच डोडो राहायला काय हरकत आहे? बाहेर जाणाऱ्या पत्रावर तेवढं घराचं नाव जोडायचं. मोक्याच्या आतली नावं मोक्याने ठरवावीत, क्युरपिपने त्यात पडू नये. आणि नावात वाट घालायचीच नाही. वाट काय ती दारावरच्या यंत्राने बघावी.

परदेशातल्या मोठ्या नेटवर्कमध्ये अशाच प्रकारचं काही चाललं आहे हे मी वाचलं होतं. एवढ्याशा बेटावरच्या तीन ठिकाणांना ते ओझं कशाला, असं म्हणून मी ते बाजूला ठेवलं होतं. कमलाने तसलं काही वाचलं नव्हतं. पण तिला तीन भांडखोर माणसं माहीत होती, आणि कुणाचंही नाव न काढून घेता त्यांना एकत्र नांदवायची ही एकच रीत होती.

"भात वाढ आधी," आये म्हणाली. "निवतो."

क्युरपिप आणि मोक्याच्या मधे

पुढचे आठवडे मी आणि कमला बसनेच वर-खाली करत होतो. प्रत्येक ठिकाणी एक छोटं यंत्र दारावर बसवलं. पलीकडच्या नेटवर्कला कुठल्या भाषेत पत्र लागतं, कुठली तार आज चालू आहे, हे त्याने बघायचं. आतल्या यंत्रांना याचा पत्ताही नसावा. बसच्या खिडकीवर पाऊस, मांडीवर कागद, हातात पुडीतले गरम गातो पिमां. आमच्या डाळवड्यांची ही चुलत भावंडं; त्यांचे तेलकट डाग आमच्या सगळ्या आकृत्यांवर पडले.

भांडणं झाली, पण आता त्यांना मजेचा वास होता. नाव आधी की घर आधी, यावर एक अख्खी सकाळ गेली. मी मराठी माणूस. मला 'मोक्याचा डोडो' असं घर आधी हवं होतं. सिल्व्हँ म्हणाले, क्रेओलमध्ये 'डोडो मोका' म्हणतात, आणि यंत्र क्रेओल देशात आहे. मी हरले. डोडो, मग टिंब, मग मोका, असं ठरलं.

मग एक दिवस फारूकचा फोन आला. त्याचं जुनं यंत्र कुठल्याही नावाची आठच अक्षरं घेत होतं. मोका सहज बसलं, क्युरपिप रोमन लिपीत बरोब्बर आठ अक्षरांचं. रोझ बेल मात्र नऊ. शेवटचं अक्षर यंत्र खाऊन टाकत होतं.

"आमच्याच गावाचं नाव आमच्या यंत्राला लिहिता येत नाही," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खचलेला वाटला. यंत्र जुनं आहे, बदला, असं म्हणायला त्या कंपनीला हेच निमित्त पुरलं असतं.

कमलाने पेन्सिल घेतली आणि कागदावर ते नाव बोलतात तसं लिहिलं. फ्रेंच स्पेलिंग सोडून दिलं, क्रेओल उच्चाराप्रमाणे: रोझबेल. मुकी अक्षरं गळली आणि जागा उरली. क्रेओल ही घरातली भाषा. ती सरकारी कागदावर लिहायची पद्धत नव्हती, आणि तशी लिहिली की बड्या लोकांच्या भुवया चढत. कमलाला ते चांगलं माहीत होतं. तिने फोनवर फारूकला एकेक अक्षर सांगितलं. तो जरा वेळाने म्हणाला, "बसलं. आणि छान दिसतंय."

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष मोक्याला आले. वयस्कर, जुन्या फ्रेंच घराण्यातले, थंडीतही सुटाबुटात. त्यांच्यासोबत सदस्य होते आणि त्या कंपनीचा माणूसही होता. अगदी सभ्य माणूस. त्याने माझी खुर्चीसुद्धा पुढे केली. ठरलं होतं ते असं: फारूकने रोझ बेलहून पत्र पाठवायचं, ते क्युरपिपमार्गे मोक्याला यायचं. कमला क्युरपिपला थांबणार होती, पण ती धापा टाकत मोक्यालाच येऊन थडकली. रात्रीच्या वादळी पावसाने क्युरपिपच्या ऑफिसची टेलिफोनची तार तुटली होती. मधला दुवाच गेला होता.

"आपण रोझ बेल ते मोका थेट वाटेची चाचणी घेतलीय," मी हळूच म्हणाले.

"एकदा," ती म्हणाली. "आणि तेव्हा नाही चालली."

"त्यानंतर दुरुस्त केली की."

"हो. पण बघितली नाही."

सिल्व्हँनी ते ऐकलं. प्रात्यक्षिक पुढे ढकलायला सांगायची संधी त्यांच्या हातात होती. त्यांनी टाय सारखा केला आणि अध्यक्षांना म्हणाले, "क्युरपिपची लाइन पडली आहे. पत्ता तोच राहील. वाट यंत्राला शोधू द्या." मग फोनवरून फारूकला सांगितलं, "पाठव," आणि फोन खाली ठेवला, कारण थेट वाट त्याच तारेवरून होती.

आम्ही पडद्याकडे बघत बसलो. काहीच झालं नाही. कुणीतरी खोकलं. कमलाने माझा हात इतका घट्ट धरला होता, की बांगडी रुतत होती. फारूकच्या दाराचं यंत्र आता क्युरपिपला हाका मारत असणार, उत्तर मिळत नसणार, पुन्हा मारत असणार. किती वेळ प्रयत्न करून नाद सोडायचा हे मीच ठरवलं होतं, आणि ते मी फार जास्त ठरवलं होतं असं मला तेव्हा कळलं. मग कोपऱ्यातल्या डबीतून मोडेमची शीळ आली, खरखर झाली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली. पाठवणारा: डोडो, टिंब, रोझबेल. खाली एकच ओळ, क्रेओलमध्ये: "तो तान् म्वा?" म्हणजे, ऐकू येतंय का तुला?

सिल्व्हँ खाली बसले आणि दोन बोटांनी उत्तर टाइप केलं: "कोरेक." म्हणजे, अगदी ठीक.

अध्यक्ष वाकून पडद्याजवळ गेले. "गावाचं नाव चुकीचं लिहिलं आहे," ते म्हणाले.

"मी लिहिलंय," कमला म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण ती पुढे आली. "यंत्रात नऊ अक्षरं मावत नाहीत. आणि आम्ही म्हणतो ते असंच."

अध्यक्षांनी ते नाव तोंडातल्या तोंडात वाचून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणतो तर मीही असंच," आणि चष्मा काढून खिशात ठेवला. कंपनीच्या माणसाने आपली माहितीपत्रकं वाटलीच नाहीत. निघताना त्याने मला विचारलं, आमच्या यंत्रांनाही या नावांत जागा मिळेल का. मी म्हटलं, घराचं नाव घेऊन या, जागा आहे.

संध्याकाळी मंडळाचा होकार आला. त्या दिवशी कमलाने प्रयोगशाळेच्या जिन्यात उभं राहून माझ्याशी सलग मराठीत बोलून घेतलं. व्याकरणाचं मी काही सांगत नाही. मला त्यातला शब्द न् शब्द आठवतो.

हंगामाचा पहिला दिवस

माझं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. कारखान्याचा भोंगा झाला, फुलांच्या माळा घातलेला पहिला उसाचा ट्रक आत आला, आणि बघता बघता हवेत तो गोड, उग्र, जळका वास भरला. तो वास वाईकडच्या माझ्या मामाच्या गुऱ्हाळासारखाच, पण इथे अख्ख्या गावभर पसरलेला. आये नवं लुगडं नेसून शेजारणींबरोबर आली होती.

सिल्व्हँही आले. इतकी वर्षं ते रोझ बेलच्या रसाची गोडी मोजत होते, पण कारखान्यात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. चरकापाशी एक बुटका, गोल चेहऱ्याचा, तेलकट हातांचा माणूस उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"फारूक?" सिल्व्हँनी विचारलं. फारूकला आवाज ओळखीचा, चेहरा नवीन.

फारूकने हात पँटला पुसला आणि पुढे केला. मग आत गेला आणि चरकाखालून पत्र्याचा मग भरून घेऊन आला. रस गढूळ होता, वर फेस. सिल्व्हँनी इस्त्रीचा शर्ट सांभाळत तो दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू सगळा प्यायले.

"किती आहे गोडी?" फारूकने विचारलं. "तूच मोजतोस ना."

सिल्व्हँनी ओठ पुसले, जरा विचार केला आणि रिकामा मग पुन्हा त्याच्यापुढे धरला.